मामांच्या रेघा आणि पट्ट्यांचा शर्ट

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांब खोली दिसते. डावीकडे खिडक्या. त्यांच्या काचा खालून अर्ध्यापर्यंत पांढऱ्या रंगवलेल्या, म्हणजे उजेड आत यावा पण बाहेरचे जग दिसू नये. उजवीकडे टेबलांची रांग. मध्यभागी एक लोखंडी सांगाडा, त्यात दोन रूळ, रुळांवर ताणलेले पांढरे कापड, आणि वरून खाली माना घालून त्या कापडाकडे टक लावून बसलेले दोन कॅमेरे. कापड सरकते आहे. बाजूच्या संगणकावर दोन चित्रे आहेत, दोन्ही कोरी करकरीत. खोलीतली माणसे श्वास रोखून त्या कोरेपणाकडे पाहत उभी आहेत, कारण या खेळात काहीच न दिसणे हाच टाळ्यांचा क्षण.

मग मागचे दार करकरते. एक बुटके, टक्कल पडलेले, साठीला टेकलेले गृहस्थ हातात चहाची कपबशी घेऊन प्रवेश करतात, सांगाड्यावर वाकतात, आणि उजवीकडच्या चित्रात काळ्या ठिपक्यांची रांग उमटते. मशीन टिंग करते आणि थांबते.

"आले," वायरिंग करणारा म्हणाला.

"कोण? ठिपके की मामा?" शेजारच्याने विचारले.

"दोघं एकाच गाडीनं येतात."

मामा वाकलेलेच राहिले. कपातला चहा बशीत सांडला. "माझ्याकडे काय बघताय? हात तरी लावला का मी?"

सकाळपासून मशीन गुण्यागोविंदाने चालले होते. काल दुपारीही चालले होते, मामा जेवायला गेले होते तेव्हा.

हे मशीन कापड तपासायचे. गिरणीत विणलेले कापड त्याच्याखालून सरकत जायचे आणि कुठे डाग, कुठे तुटलेला धागा दिसला की मशीन थांबायचे. डावा कॅमेरा कापडाची डावी बाजू पाहायचा, उजवा उजवी. दोघांनी पाहिलेले सगळे ज्या हिरव्या बोर्डावरून धावत जायचे, तो बोर्ड मामांनी आखलेला होता. म्हणजे कुठला भाग कुठे बसवायचा आणि एका भागापासून दुसऱ्यापर्यंत तांब्याच्या बारीक रेघा कशा न्यायच्या, हे ठरवणे त्यांचे काम. आणि मशीनचे दुखणे एवढेच होते की ते नसलेल्या डागासाठी थांबत होते. गिरणीतून दोनदा परत आले होते. ही तिसरी खेप.

मामा हा धंदा शिकले तेव्हा संगणक नव्हता. खालून दिवे लावलेले काचेचे टेबल असायचे, त्यावर पारदर्शक कागद, आणि कागदावर काळी बारीक चिकटपट्टी हाताने ओढत जायची. चुकले की ब्लेडने कापायची. त्या ब्लेडची खूण डाव्या अंगठ्यावर अजून होती. त्या काळात त्यांच्या हातून अशा काही रेघा उतरायच्या की पाहणाऱ्याने हरखून जावे. सगळ्या एका दिशेने निघणार, एकत्र वळणार, एकत्र पोचणार. नुकत्याच न्हालेल्या पोरीचे केस आईने चापून विंचरावेत तशा. म्हणून कारखान्यात त्यांना पाठीमागे 'कंगवा' म्हणत. थोरल्या मालकांनी त्यांचा एक बोर्ड चौकटीत घालून दारापाशी टांगला होता. येणारा पाहुणा तो कुणी चितारला म्हणून विचारायचा आणि थोरले मालक सांगायचे, "चितारला नाही, चालतो तो."

पुढे मामांच्या बहिणीची मुलगी इंजिनियर होऊन इथेच मोजमापाच्या टेबलावर आली. पहिल्या दिवशी भर खोलीत तिने "मामा" अशी हाक मारली आणि कंगवा गेला, सगळ्या कारखान्याचे मामा झाले.

थोरले मालक जाऊन आता त्यांचा मुलगा मालक होता. तो मामांना काका म्हणायचा. त्या दिवशी दुपारी त्याने केबिनमध्ये बोलावले.

"बसा काका."

"उभा बरा आहे."

"गिरणीवाले पुढच्या महिन्यात परत येतील. या वेळी त्यांच्यासमोर मशीन थांबलं तर ते दुसरीकडे जाणार. स्पष्टच सांगितलंय त्यांनी."

"मग?"

"मग पुढचे बोर्ड आपण बाहेरून आखून घेऊ. तुमचं काही अडायचं नाही. स्टोअरमध्ये भरवशाचा माणूस मला हवाच आहे."

स्टोअर म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे सुट्या भागांची खोकी ठेवत आणि मागेल त्याला काढून देत. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती तोंडातून बाहेर पडताना फार लहान होऊन पडली. "अंतर मी सोडलंय," ते म्हणाले. "नियमापेक्षा जास्त सोडलंय."

आता हे अंतराचे प्रकरण असे असते. रंगमंचावर दोन नट खेटून उभे राहिले, आणि एकाने तावातावाने संवाद म्हटला, की शेजारचा नकळत त्यातला शब्द उचलतो आणि स्वतःच्या वाक्यात घालून मोकळा होतो. तांब्याच्या रेघांचेही तसेच. एका रेघेतून वीज झटकन चढली-उतरली की शेजारच्या रेघेला उचकी लागते. जेवढा वेग जास्त, तेवढी उचकी मोठी. या लोकांच्या भाषेत याला क्रॉसटॉक म्हणतात. त्यावरचा उतारा म्हणजे दोन रेघांमध्ये मोकळी जागा. रेघ जेवढी रुंद, तिच्या तिप्पट अंतर ठेवा, असा सर्वसाधारण दंडक. पहिला बोर्ड परत आला तेव्हा मामांनी अंतर तपासले, बरोबर होते. तरी वाढवले. दुसरा परत आला तेव्हा आणखी वाढवले. इतके, की एका रेघेने हाक मारली तरी दुसरीला ऐकू जाऊ नये.

आणि तरीही ठिपके. ते सुद्धा मामा आले की.

घरी बायको इस्त्री करत होती. मामांचे सगळे शर्ट तीच आणायची आणि सगळे उभ्या पट्ट्यांचे आणायची, कारण उभ्या पट्ट्यांत माणूस उंच दिसतो असे तिचे ठाम मत होते. मामांच्या उंचीत त्याने काही फरक पडला नव्हता, पण तिने आशा सोडली नव्हती.

"मी गेलो की मशीन बिघडतं म्हणतात," मामा खुर्चीत टेकत म्हणाले.

"मग जाऊ नका ना जवळ."

"अगं, मी आखलेला बोर्ड आहे तो."

"मुलं नाही का, आईबाप दिसले की जास्त रडतात? लांबून बघा." तिने कॉलर उलटी केली. "आणि मालक काय म्हणाला?"

"स्टोअर म्हणाला."

तिचा हात थांबला. इस्त्री तिने उभी करून ठेवली. "जिन्याखालचं? तिथं तर तुमचंही डोकं आपटेल," ती म्हणाली, आणि दोघेही हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामा सांगाड्याकडे फिरकलेच नाहीत. आपल्या टेबलापाशी पाठ करून बसले. पण भाचीने येऊन त्यांची खुर्चीच वळवली. चाकाची खुर्ची ती.

"मामा, उठा. सांगाड्यापाशी चला."

"कशाला? तुमचं चांगलं चाललंय ते बिघडवायला?"

"हो. बिघडवायलाच."

त्यांनी कुरकुरत कापडावर वाकून पाहिले. टिंग. "आता मागं या," ती म्हणाली. ठिपके गेले. "पुढं." टिंग. "मागं. आता पुढं या, पण डावीकडून नको, उजवीकडून." या वेळी काहीच झाले नाही. "परत डावीकडून."

"तालीम घेतेस का माझी?" मामा भडकले. "सगळे हसतायत, दिसत नाही तुला? आधी मालक, मग हे, आता घरचं माणूसही..."

"मामा, हा कोट घाला." तिने खुंटीवरचा निळा डगला काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. स्टोअरवाल्याचा डगला. मामांच्या तोंडचे पाणी पळाले. पण तिने बटणे स्वतः लावली आणि त्यांना डावीकडून वाकायला लावले.

कापड सरकत राहिले. चित्रे कोरी राहिली.

"काढा." त्यांनी डगला काढला, वाकले. टिंग.

भाची संगणकावर बोट ठेवून उभी राहिली. "तुम्ही नाही हो मामा. तुमचा शर्ट. तुम्ही वाकता तेव्हा डाव्या कॅमेऱ्याला कडेला तुमच्या पट्ट्या दिसतात. कडेचं काही मशीन डाग म्हणून धरत नाही, पण कॅमेऱ्याला ते दिसतंच. काळं-पांढरं-काळं-पांढरं. त्याच्या रेघांमधून सिग्नल थयथयाट करत जातो. आणि ठिपके येतायत कुठं? उजव्या कॅमेऱ्याच्या चित्रात. डावा कॅमेरा बघतो आणि उजवा बरळतो."

वायरिंगवाल्याचे हसू मावळले. मामांना मात्र वेगळेच आठवले. गिरणीत ते एकदा गेले होते. तिथल्या कापडाला डाव्या काठाने रंगीत धाग्यांच्या बारीक पट्ट्या होत्या. इथे चाचणीला आलेले कापड काठ कापून आलेले, नुसते पांढरे. म्हणून इथे चालायचे आणि तिथे थांबायचे.

"म्हणजे कुठंतरी डाव्याच्या रेघा उजव्याच्या रेघांना खेटल्या आहेत," भाची म्हणाली.

"खेटल्या?" हा शब्द मामांना फार लागला. "चल. दाखवतो तुला किती खेटल्यात त्या."

ते तरातरा आपल्या टेबलाकडे गेले. बसलेही नाहीत. उभ्यानेच त्यांनी संगणकावर बोर्ड उघडला. हा बोर्ड म्हणजे एकावर एक मजले असलेली इमारत. प्रत्येक मजल्यावर रेघा. मामांनी वरचा मजला उघडला. लाल रेघा, डाव्या कॅमेऱ्याच्या. काय देखण्या होत्या. "मोज अंतर." तो बंद करून त्यांनी खालचा उघडला. निळ्या रेघा, उजव्या कॅमेऱ्याच्या. "हेही मोज. सापडली का एक तरी खेटलेली?"

"दोन्ही मजले एकदम लावा ना."

"एकदम लावले की नुसता गिचमिडा दिसतो. मी कधीच लावत नाही. एक मजला स्वच्छ करायचा, बंद करायचा, मग दुसरा."

"आज लावा."

"काय दिसणार आहे त्यात?"

तिने हात लांब करून कळ दाबली.

गिचमिडा दिसला नाही. लाल दिसले नाही, निळेही दिसले नाही. दोन्ही मिळून संगणकाच्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एकच जांभळी वेणी दिसली. प्रत्येक निळ्या रेघेच्या बरोबर डोक्यावर एक लाल रेघ, जिथे ती वळते तिथे हीही वळते, केसाचाही फरक नाही. शेजारणीपासून एवढी लांब ठेवलेली प्रत्येक रेघ, खालच्या मजल्यावरच्या रेघेच्या मानगुटीवर बसली होती.

मामा मागे न पाहता खुर्चीवर बसायला गेले. खुर्ची मघाशीच भाचीने वळवताना मागे सरकली होती. त्यांनी टेबलाची कड धरली म्हणून बरे, नाहीतर भर खोलीत बसकण मारली असती.

"मामा, हे आपोआप झालं का?"

"नाही," मामा म्हणाले. "मी मुद्दाम केलंय. दोन दिवस घालवले मी त्यावर. वरचं खालच्याशी जुळावं म्हणून."

पूर्वी त्याने काही बिघडत नसे. या दोन मजल्यांच्या मध्ये तांब्याचा एक अखंड पत्रा असायचा. जाडजूड जमीन असली की वरच्या बिऱ्हाडाने कितीही आदळआपट करावी, खालच्याला पत्ता लागत नाही. पण नव्या मालकाने खर्च कमी करण्यासाठी मधला पत्रा काढून टाकायला सांगितले होते. पत्रा नसेल तर एक सोपी रीत आहे, त्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असलेली. वरच्या रेघा उभ्या नेल्या तर खालच्या आडव्या न्यायच्या, म्हणजे त्या एकमेकींना नुसत्या ओलांडून जातात, सोबत करत नाहीत. मामांनाही ती ठाऊक होती. पण आडव्या-उभ्यात विंचरलेपण राहत नाही. जमीन गेली आणि यांनी बिऱ्हाडे तशीच ठेवली.

मामा केबिनमध्ये गेले ते दार न वाजवता.

"पत्रा का काढलास तू?" थोरल्या मालकांच्या मांडीवर हा खेळत असताना मामा त्याला तूच म्हणत, आज इतक्या वर्षांनी पुन्हा तोंडातून तेच निघाले.

मालक कागदावरून मान वर करून म्हणाला, "काका, पत्रा काढताना तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"हो म्हणालो. आणि रागारागानं म्हणालो. म्हटलं, काढ, मला काय त्याचं." मामा थांबले. पुढचे वाक्य घशाशी आले होते आणि ते सोयीचे होते: सगळा दोष पत्र्याचा. ते खोटेही नव्हते. दारात उभी असलेली भाची गप्प होती. तिने काही सांगितले नसते. मामांनी एकदा तिच्याकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि 'तू'चे पुन्हा 'तुम्ही' केले. "पत्रा गेल्यावर रेघा फिरवायच्या असतात. मी फिरवल्या नाहीत. सुंदर दिसत होत्या म्हणून. पत्रा तुमचा, रेघा माझ्या. आता पत्रा घालू नका, मला आठवडा द्या."

तो आठवडा कुणी त्यांच्या वाटेला गेले नाही. मामा विंचरलेले केस स्वतःच्या हाताने विस्कटत होते. खालच्या मजल्यावरची एकेक रेघ उचलायची, आडवी टाकायची. मग ती तिसऱ्याच भागावर जाऊन आदळायची, तिला वळसा द्यायचा. लांबी कमी पडली की मध्येच नागमोडी घडी घालायची. एक जुळले की दोन बिघडायची. त्यांच्या टेबलाकडून दिवसभर पुटपुटणे ऐकू येई. "हे काय आहे? हा काय बोर्ड आहे? भांडण झालेल्या घरातलं सामान आहे हे." भाचीने एकदा चहा आणून ठेवला तर म्हणाले, "बघू नकोस इकडे. कपडे बदलतोय."

नवा बोर्ड तयार होऊन आला. मामांनी सगळ्यांत भडक पट्ट्यांचा शर्ट घातला आणि सांगाड्यावर डावीकडून वाकले. इतके वाकले की नाक कापडाला लागायचे बाकी राहिले. हात हलवले, खांदे उडवले, म्हातारपणी जेवढे नाचता येते तेवढे नाचले. उजवे चित्र कोरे राहिले. वायरिंगवाल्याने टाळी वाजवली. गिरणीवाले आले, काठाचे कापड घेऊन आले, दिवसभर चालवून पाहिले आणि मशीन घेऊन गेले.

मालक खूश झाला. मामांना केबिनमध्ये बसवून चहा दिला आणि म्हणाला, "एक सांगायचं राहिलं, काका. बाहेरच्या लोकांना मी मध्यंतरी शब्द देऊन बसलो. पुढचा बोर्ड ते आखतायत. आता मागं फिरणं बरं दिसत नाही."

मामांनी कप खाली ठेवला. "मशीन चाललं ना पण."

"चाललं. म्हणून तर तुमच्यावर काही ठपका नाही."

बशी टेबलाच्या कडेला सरकवली. मग विचारले, "मधला पत्रा नाहीये, हे त्यांना सांगितलंत का?"

"कागदावर आहे की. तज्ज्ञ आहेत ते."

"कागदावर मलाही होतं," मामा म्हणाले. पण मालकाचा फोन वाजला होता.

मामांचे टेबल जिन्याखाली गेले. तिथे त्यांचे डोके आपटत नव्हते. बायकोचा अंदाज चुकला. खोकी काढून द्यायची, खोकी परत ठेवायची. निळा डगला अंगात. तो त्यांनी कधी बटणे लावून घातला नाही. आतल्या पट्ट्या दिसत राहायच्या. चिडचिड एवढी वाढली की घरी बायकोने रेडिओचा आवाज कमी केला तरी म्हणत, "आता त्यानं काय केलंय?"

बाहेरून आखलेला पहिला बोर्ड आला त्या दिवशी भाची जिन्याखाली आली. "मामा, शर्ट लागणार आहे."

"शर्ट घेऊन जा. मी खाली बसतो."

"आत माणूस लागतो हो."

ते गेले. आधी त्यांनी भाचीच्या संगणकावर नव्या बोर्डाचा वरचा मजला पाहिला. रेघा सरळ, स्वच्छ, एकत्र निघालेल्या, एकत्र वळलेल्या. कुणाच्या तरी हातात फार गोडवा होता. मामांनी त्यातल्या एका रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवले. मग डगला काढून भाचीच्या हातात दिला आणि सांगाड्यावर वाकले.

टिंग.

वायरिंगवाला या वेळी हसला नाही. मालकाने तिथेच फोन लावला आणि आवाज चढवला. एवढे नाव ऐकून काम दिले, तज्ज्ञ म्हणवता, माझे दिवस फुकट घालवले. पलीकडून कुणी तरुण माणूस अडखळत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. खोलीत शांतता होती म्हणून ती सगळ्यांना ऐकू आली. "अंतर मी सोडलंय, सर. नियमापेक्षा जास्त सोडलंय."

मामांनी हात पुढे केला. मालक बोलता बोलता थांबला आणि त्याने फोन दिला. सगळ्यांना वाटले, आता म्हातारा साठवलेले सगळे ओकणार. आणि त्याला तो हक्क होता.

मामांनी फोन कानाला लावला, घसा खाकरला. पलीकडचा श्वास ऐकू येत होता.

"अंतर बरोबरच आहे तुझं, मी बघितलं," मामा म्हणाले. "आता असं कर, आधी खुर्ची जवळ ओढ. ओढलीस? नीट बस. बसलास? मग आता वरचा आणि खालचा मजला एकदम लाव."